एक चूक कितीला पडते? मारिओ, कॉन्ट्रा आणि निन्जा गायडन अवघड का वाटतात

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम चाळीस वर्षांचा झाला. त्याच्या आगेमागेच ‘निन्जा गायडन’ आणि ‘शिनोबी’ या ऐंशीच्या दशकातल्या नावांनी नवे, पण मुद्दाम जुन्या वळणाचे खेळ आले. जुनी नावं कानावर पडली की जुना वादही परत येतो: यातला सगळ्यात अवघड कोणता? कुणी कॉन्ट्राचं नाव घेतं, कुणी निन्जा गायडनचं, तर कुणी म्हणतं, मारिओसुद्धा आठव्या वर्ल्डमध्ये घाम फोडतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा घरी आला होता. मोबाइलवर तो ज्या वेगाने खेळतो ते बघत राहावं असं असतं. त्याला १९८८ चा मूळ ‘निन्जा गायडन’ लावून दिला. तासाभराने त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि विचारलं, “मामा, हे मुद्दाम असं केलंय का?”

हो, मुद्दाम केलंय. पण नेमकं काय केलंय, कुणी आणि कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येईना. म्हणून हा लेख.

कोणते खेळ?

माणूस बाजूने दिसतो आणि चित्र डावीकडून उजवीकडे सरकत जातं, अशा खेळाला साइड-स्क्रोलर म्हणतात. त्यात खड्डे, कठडे आणि तरंगत्या फळ्या यांवरून उड्या मारत पुढे जायचं असेल तर तो प्लॅटफॉर्मर. उड्यांच्या जोडीला बंदूक, तलवार किंवा चाबूक आला की झाला अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मर.

या प्रकाराचं माहेर म्हणजे निन्टेंडोचं फॅमिकॉम हे यंत्र. ते जपानात १९८३ साली आलं आणि १९८५ पासून अमेरिकेत एनईएस या नावाने विकलं गेलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ मिळायचे, त्यातले बरेचसे याच यंत्राच्या नकला होत्या. कॅसेट खोचायची, चित्र आलं नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. म्हणूनच निन्टेंडो आणि कोनामी या गेम कंपन्यांची नावं ज्यांनी कधी ऐकली नाहीत, त्यांनाही मारिओ आणि कॉन्ट्रा अगदी घरचे वाटतात. कॅसलव्हेनिया, निन्जा गायडन, मेगा मॅन हे त्यांचे भाऊबंद मात्र आपल्याकडे त्या मानाने कमी पोचले. तुलना करायची तर सगळ्यांना एका रांगेत उभं करावं लागेल.

‘अवघड’ या एका शब्दात तीन गोष्टी

सापशिडीत फासा टाकणं पहिल्या घरावर जितकं सोपं असतं, तितकंच सत्त्याण्णवाव्या घरावरही असतं. तरी सत्त्याण्णववर हात थरथरतो, कारण पुढे साप आहे आणि तो थेट खालच्या ओळीत नेऊन सोडतो. तिथे कौशल्य वाढलेलं नसतं, चुकीची किंमत वाढलेली असते.

या खेळांकडेही तसंच बघायला हवं. ‘अवघड’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. पहिली म्हणजे हात: बटण किती अचूक आणि किती वेळेवर दाबावं लागतं. दुसरी पाठांतर: पुढे काय येणार हे आधीपासून किती ठाऊक असावं लागतं. तिसरी भुर्दंड: चुकलात तर किती मागे फेकले जाता. दोन खेळ सारखेच अवघड वाटले तरी एक हातामुळे अवघड असू शकतो आणि दुसरा निव्वळ भुर्दंडामुळे.

माझं म्हणणं असं की या खेळांचा जो दरारा आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा भुर्दंडाचा आहे. पण आधी हाताकडे बघू.

उडी मारिओची आणि उडी सायमनची

मारिओची उडी हवेत असताना वळवता येते. बटण दाबून धरलं तर उंच जाते, पटकन सोडलं तर बुटकी राहते. चुकीची उडी मारली हे हवेतच लक्षात आलं तर उलट दिशेला ओढून थोडंफार सावरता येतं.

आता कोनामीचा १९८६ चा कॅसलव्हेनिया घ्या. त्यातला सायमन बेलमाँट एकदा उडाला की उडाला. विटीला टोला बसला की ती कुठे पडणार हे टोल्यातच ठरलेलं असतं, तशी त्याची उडी. चाबकाचंही तेच. बटण दाबल्यावर हात आधी मागे जातो आणि मग चाबूक पुढे येतो, म्हणजे शत्रू समोर यायच्या आत बटण दाबलेलं हवं. त्यात मेड्यूसाची उडती डोकी लाटेसारखी वरखाली होत येतात, आणि एखादं लागलं की सायमन मागे फेकला जातो. या मागे फेकलं जाण्याला नॉकबॅक म्हणतात. पाठीमागे खड्डा असेल तर अंगात कितीही ताकद उरलेली असो, जीव गेलाच.

म्हणजे कॅसलव्हेनियात बोटं चपळ असून फारसा उपयोग नाही. एक पाऊल टाकण्याआधी पुढच्या दोनाचा विचार केलेला असावा लागतो. मला हा खेळ म्हणूनच फार आवडतो. घाई करणाऱ्याला तो मारतो, आणि थांबून बघणाऱ्याला हळूहळू वाट देतो.

कॉन्ट्राचं वेगळं. १९८७ साली तो दुकानातल्या नाणं टाकायच्या मोठ्या मशीनवर, म्हणजे आर्केडवर, आला आणि पुढच्या वर्षी घरच्या यंत्रावर. त्यात उडी वळवता येते. हवेत कोलांटी घेताना अंग आखडल्यामुळे गोळी लागायची जागा लहान होते. गोळ्याही बऱ्यापैकी संथ येतात, डोळ्यांना दिसतात. एस अक्षराची बंदूक मिळाली की पाच दिशांना फवारा उडतो आणि अर्धा पडदा साफ होतो. हाताच्या बाबतीत कॉन्ट्रा खरं तर उदार आहे. त्याची धास्ती वाटते ती एका नियमामुळे: एक गोळी, एक जीव. जीव गेला की ती एसवाली बंदूकही गेली. सगळ्यात नेमक्या क्षणी माणूस सगळ्यात दुबळा होतो.

अर्ध्या सेकंदाचा हिशोब

टीव्हीवरचं चित्र हे सेकंदाला साठ स्थिर चित्रांची माळ असते. यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. समोर काहीतरी दिसलं आणि आपण बटण दाबलं, एवढ्यात साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे पंधरा फ्रेम. शरीराचा हा वेळ सरावाने फारसा कमी होत नाही.

फॅमिकॉमचा पडदा २५६ ठिपके रुंद. आपला माणूस मधोमध असला तर पुढचं फक्त १२८ ठिपके दिसतं. समजा, तुम्ही दर फ्रेमला दीड ठिपका पुढे पळताय आणि समोरून एक ससाणा अडीच ठिपक्यांच्या वेगाने येतोय. अंतर दर फ्रेमला चार ठिपक्यांनी मिटतं. बत्तीस फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्ध्या सेकंदात टक्कर. त्यातल्या पंधरा फ्रेम डोळा ते बोट या प्रवासात गेल्या. उरलेल्या सतरांत ठरवायचं की मारायचं, उडायचं की थांबायचं. त्याच वेळी तुम्ही खड्ड्यावर हवेत असाल तर ठरवण्यासारखं काही उरतच नाही.

इथे पाठांतर येतं. लोडशेडिंगच्या अंधारातही आपण स्वतःच्या घराचा जिना उतरतो, कारण पायऱ्या किती आणि वळण कुठे हे पायांना माहीत असतं. पाहुणा तिथेच ठेचकाळतो. निन्जा गायडनचा सराईत खेळाडू ससाण्याला बघून तलवार चालवत नाही. ससाणा कुठून येणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे तलवार आधीच हवेत असते.

पाठांतराचं टोकाचं उदाहरण कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन २’ मध्ये आहे. क्विकमॅनच्या लेव्हलमध्ये आपण खाली पडत असताना बाजूने किरण सुटतात, आणि किरण लागला की थेट मरण. पहिल्यांदा खेळताना ते बघून चुकवणं जवळजवळ अशक्य. पण फ्लॅशमॅनला आधी हरवलं असेल तर त्याच्याकडून मिळालेलं काळ थांबवायचं हत्यार तिथे वापरता येतं आणि किरण जागच्या जागी थिजतात. आठ शत्रूंपैकी कुणाशी आधी लढायचं हे खेळाडूच ठरवतो, आणि कुणाचं हत्यार कुणावर चालतं याची साखळी असते. ती कळली की तोच खेळ निम्मा सोपा होतो. बोटं तीच राहतात, माहिती बदललेली असते.

मारिओ शिकवतो, हे विसरू नका

पाठांतर लागतं म्हणजे खेळ अन्यायी, असं नाही. शिकवायची पद्धत असू शकते, आणि मारिओ बनवणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ मध्ये ती जशी साधली तशी फार थोड्यांना साधली.

वर्ल्ड १-१ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डमधल्या पहिल्या लेव्हलच्या, शेवटाकडे बघा. समोरासमोर दोन जिने आहेत आणि मधे साधी जमीन. उडी चुकली तर मधे पडाल, परत चढाल, बिघडलं काहीच नाही. जरा पुढे गेलात की तसेच दोन जिने पुन्हा येतात. या वेळी मधे खड्डा असतो. तीच उडी, आधी फुकट शिकवली आणि मग परीक्षा घेतली. एक शब्दही न लिहिता.

पुढच्या बहुतेक लेव्हलमध्ये अर्धी वाट ओलांडल्यावर मरण आलं तर मारिओ पुन्हा अर्ध्यापासूनच सुरू होतो. आठव्या वर्ल्डमध्ये मात्र ही सवलत काढून घेतली आहे. तिथे कुठेही मेलात तरी लेव्हल पहिल्यापासून. ‘शेवटचं वर्ल्ड फार अवघड’ असं आपल्याला जे वाटतं, त्यात शत्रूंइतकाच या गुपचूप वाढवलेल्या भुर्दंडाचा हात आहे.

भुर्दंडाचं गणित

ज्या जागेपासून खेळ पुन्हा सुरू होतो तिला चेकपॉइंट म्हणतात. आता एक साधा हिशोब करू. समजा, एका लेव्हलमध्ये वीस अडथळे आहेत आणि प्रत्येक अडथळा तुम्ही दहातून नऊ वेळा पार करता. म्हणजे हात चांगलाच आहे.

चेकपॉइंट नाहीच आणि चुकलं की पहिल्यापासून, असा नियम असेल तर एका दमात वीसही पार होण्याची शक्यता फक्त १२ टक्के. ती लेव्हल पूर्ण होईपर्यंत सरासरी ७२ वेळा कुठल्या ना कुठल्या अडथळ्याला तोंड द्यावं लागतं. बरोबर मधे एक चेकपॉइंट ठेवला तर हा आकडा ३७ वर येतो. प्रत्येक अडथळ्याला चेकपॉइंट दिला तर जेमतेम २२.

आता उलट बाजूने बघा. चेकपॉइंट न देता तुमचा हातच सुधारला, म्हणजे शंभरात नव्वदऐवजी पंचाण्णव वेळा जमू लागलं, तर आकडा येतो ३६. म्हणजे मधे ठेवलेला एक चेकपॉइंट आणि निम्म्याने कमी झालेल्या चुका यांचं वजन जवळपास सारखं. चुका निम्म्यावर आणायला कित्येक आठवडे जातात. चेकपॉइंट ठेवायला गेम बनवणाऱ्याला किती वेळ लागत असेल?

भुर्दंडाचा आणखी एक त्रास या आकड्यांत दिसत नाही. सतराच्या पाढ्यात मूल सतरा सातेला अडतं. आपण दर वेळी त्याला सतरा एकेपासून म्हणायला लावतो. मग सतरा एके, सतरा दुणे झोपेतही पाठ होतं आणि नेमकं जे येत नाही त्याचाच सराव सगळ्यात कमी होतो. चेकपॉइंट नसलेल्या लेव्हलमध्ये अगदी हेच घडतं. सुरुवातीचा सोपा भाग शंभर वेळा होतो, शेवटचा अवघड भाग चार वेळा.

निन्जा गायडन तिन्ही एकत्र आणतो

टेक्मोच्या या खेळात नायक र्‍यू हायाबुसाचा हात कॅसलव्हेनियापेक्षा कितीतरी चपळ आहे. तो भिंतीला धरतो, तलवार झटकन चालते. पहिल्या दोन-तीन अंकांत खेळताना मजाच येते.

मग नॉकबॅक येतं, आणि खड्ड्याच्या काठावर बरोबर ससाणा ठेवलेला असतो. त्यावर तिसरी गोष्ट: मारलेला शत्रू ज्या जागी पहिल्यांदा दिसला होता, ती जागा पडद्याबाहेर जाऊन परत आत आली की तो पुन्हा जिवंत होतो. म्हणजे सावध राहून एक पाऊल मागे घेतलंत, तर त्याचीच शिक्षा मिळते. कॅसलव्हेनिया थांबायला शिकवतो, तर निन्जा गायडन थांबू देत नाही. सहाव्या अंकाचा दुसरा भाग, ज्याला सगळे ६-२ म्हणून ओळखतात, तो या तिन्हींचा कळस.

आणि सगळ्यात शेवटी भुर्दंड. अखेरीस एकापाठोपाठ तीन मुख्य शत्रू आहेत. त्यांच्यापुढे एकदा जरी मेलात तरी खेळ तुम्हाला ६-१ ला नेऊन सोडतो. पुन्हा तेच ६-२, तेच ससाणे. हरवलेला शत्रू हरवलेलाच राहतो, एवढी एकच दया. नव्या शत्रूची चाल समजून घ्यायला आठ-दहा प्रयत्न तरी लागतात, आणि इथे प्रत्येक प्रयत्नाची किंमत म्हणजे तीन लेव्हल पुन्हा पार करणं. भाच्याच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर हेच. ते शत्रू फार भारी आहेत असं नाही. त्यांच्यापर्यंत पोचणं महाग ठेवलंय.

कुणी आणि कशासाठी?

पहिलं कारण आर्केडचं. तिथे खेळाडू जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर पुढचं नाणं पडणार. किती जीव द्यायचे आणि खेळ किती अवघड ठेवायचा, हे दुकानदाराला मशीनच्या आतल्या छोट्या खटक्यांनी ठरवता यायचं. कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ याच बाजारातला. तोकुरो फुजिवारांच्या या खेळात आर्थर दोन फटक्यांत मरतो, पहिल्या फटक्याला चिलखत गळून तो नुसत्या चड्डीवर येतो. शेवटपर्यंत पोचलात की कळतं, हा सैतानाचा भास होता, सगळं पहिल्यापासून पुन्हा करा. घरगुती खेळ बनवणारे लोक याच वातावरणात तयार झाले होते.

दुसरं कारण जागेचं. सुपर मारिओ ब्रदर्सचा सगळा ऐवज चाळीस केबीत बसतो. आज फोनवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. कॉन्ट्रा १२८ केबीचा, आठ लेव्हलचा. सराव असलेला माणूस तो अर्ध्या तासाच्या आत संपवतो, आणि मारिओ तर उस्ताद लोक पाच मिनिटांच्या आत. पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ पहिल्याच संध्याकाळी संपला असता तर? भुर्दंड हा अर्ध्या तासाचा खेळ महिनाभर पुरवायचा मार्ग होता. डाळ पातळ करून पाहुण्यांना पुरवतात, तसं.

तिसरं कारण अमेरिकेतलं: भाड्याची दुकानं. जपानमध्ये हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेम भाड्याने देता येत नसे, अमेरिकेत मात्र शनिवार-रविवारसाठी सर्रास मिळायचे. दोन दिवसांत खेळ संपवून परत करता आला तर विकत कोण घेणार? तिथल्या काही आवृत्त्या मूळ जपानी आवृत्तीपेक्षा कडक दिसतात त्या यामुळे, असं मानलं जातं, आणि पुरावे बोलके आहेत. ‘कॉन्ट्रा: हार्ड कोअर’ (१९९४) जपानमध्ये तीन फटके सोसू देतो, अमेरिकेत एकच. ‘निन्जा गायडन ३’ जपानमध्ये हवा तितक्या वेळा पुन्हा सुरू करता येतो, अमेरिकेत पाचदाच. ‘कॅसलव्हेनिया ३’ मध्येही अमेरिकन आवृत्तीचे फटके जास्त लागतात.

पण याला नियम समजू नका, कारण उलटही घडलंय. मेगा मॅन २ च्या अमेरिकन आवृत्तीत ‘नॉर्मल’ आणि ‘डिफिकल्ट’ असे दोन पर्याय आहेत, आणि त्यातला ‘डिफिकल्ट’ हाच मूळ जपानी खेळ. जपानमध्ये १९८६ साली आलेला दुसरा मारिओ, विषारी मश्रूम आणि मागे नेणाऱ्या चोरवाटांचा, निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेला इतका जाचक वाटला की त्यांनी तो घेतलाच नाही. ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाच्या दुसऱ्याच खेळात मारिओची पात्रं घालून १९८८ मध्ये तो ‘मारिओ २’ म्हणून विकला.

“आमचा रिमोटच खराब होता हो”

ही तक्रार अनेकांकडून ऐकलीय, आणि ती निराधार नाही. नकली यंत्रांचे कंट्रोलर दाबून दाबून बसायचे, उडीचं बटण ऐन वेळी दगा द्यायचं. पण मूळ यंत्रालाही मर्यादा होती. एका आडव्या रेषेवर ते आठच हलती चित्रं दाखवू शकायचं. नववं आलं की गेम आळीपाळीने एकेक लपवायचा, म्हणून गर्दीत गोळ्या लुकलुकायच्या. दोघं मिळून कॉन्ट्रा खेळताना जी गोळी ‘दिसलीच नाही’, ती त्या फ्रेमला खरोखरच पडद्यावर नसेल.

तरीही हे कारण छोटंच. चांगल्या कंट्रोलरवर, स्वच्छ पडद्यावर ६-२ खेळून बघा. ससाणा तिथेच आहे.

“आताच्या मुलांना सगळं सोपं लागतं”

हे मला अजिबात पटत नाही. २०१८ चा ‘सेलेस्ट’ घ्या. तोही आडवा प्लॅटफॉर्मर. हाताची त्यातली मागणी निन्जा गायडनच्या कितीतरी पुढची आहे. काही उड्यांना दोन-चार फ्रेमचीच मुभा मिळते. तो खेळ पूर्ण करताना हजार-दोन हजार वेळा मरणं अगदी सामान्य, आणि ते आजची पोरं आनंदाने करतात. कारण मेल्यावर क्षणात त्याच खोलीच्या दारात उभे राहता. हात पूर्ण मागतो, भुर्दंड जवळपास शून्य. शिवाय कड्यावरून पाय सुटल्यावरही पुढच्या काही फ्रेम उडी मान्य करतो, म्हणजे डोळ्यांना जे बरोबर वाटलं ते खेळालाही बरोबर वाटतं.

भाच्याच्या पिढीत चिकाटी कमी आहे असं मला त्याच्याकडे बघून तरी म्हणवत नाही. जी गोष्ट येते तीच पन्नासदा करायला लावली, की तो उठून जातो. आम्ही उठलो नाही, कारण आमच्याकडे तीच एक कॅसेट होती.

“मग कोड टाकून तीस जीव मिळवणं ही लबाडी का?”

वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए. हा कोड कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ घरच्या यंत्रावर आणताना १९८६ मध्ये घातला. तपासणीसाठी तो खेळ त्यांना शेवटपर्यंत खेळावा लागायचा आणि तो त्यांनाही झेपत नव्हता. पुढे कॉन्ट्रात हाच कोड तीनऐवजी तीस जीव देऊ लागला. हाशिमोतो २०२० मध्ये गेले, त्यांचा कोड अजून लोकांच्या बोटांत आहे.

तीस जीवांनी शत्रू एकानेही कमी होत नाही, गोळी संथ होत नाही. कॉन्ट्रात जीव गेला की जवळपास तिथेच पुन्हा उभे राहता, त्यामुळे जास्त जीव म्हणजे फक्त भुर्दंड कमी. मारिओतही हे होतं: ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरच्या कासवावर पुन्हा पुन्हा उडी मारून हवे तितके जीव मिळायचे. फक्त १२७ च्या पुढे गेलात की यंत्राची मोजणी उलटायची आणि पुढच्याच मरणाला खेळ संपायचा.

हल्ली जुने खेळ नव्या यंत्रांवर येतात तेव्हा हव्या त्या क्षणी खेळ साठवता येतो, काही ठिकाणी मागेही फिरवता येतो. ते वापरावं का? माझं मत स्पष्ट आहे: शिकायला जरूर वापरावं. तबला शिकवणारे गुरुजी अडलेला बोल तेवढाच वेगळा काढून घोटून घेतात, दर वेळी अख्खा कायदा पहिल्यापासून वाजवायला लावत नाहीत. मात्र प्रत्येक उडीनंतर साठवत गेलात तर कॉन्ट्रातली एक चव नक्की जाते. शेवटचा जीव, हातात एसवाली बंदूक, शेजारी मित्र श्वास रोखून. त्या छातीतल्या धडधडीचा जन्म भुर्दंडातूनच होतो, हे मी नाकारणार नाही.

मग सगळ्यात अवघड कोणता?

नुसत्या हातावर बोलायचं तर यातला कुठलाही नाही, आजचे खेळ पुढे गेलेत. पाठांतरात मेगा मॅन २ मोठा, पण तो शिकणाऱ्याला लगेच बक्षीस देतो, म्हणून मी त्याला अवघड म्हणत नाही. कॅसलव्हेनिया दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. पंधराव्या टप्प्यात कुऱ्हाडवाले शिपाई आणि मेड्यूसाची डोकी एकाच बोळात येतात, तिथे सगळे अडतात. पण पवित्र पाणी जवळ ठेवून पुढे गेलात तर त्या पलीकडचा यमराजही जागच्या जागी खिळतो. कॉन्ट्रा मी अवघडांच्या यादीतून काढूनच टाकतो. त्याचे आठही लेव्हल नीट पाठ केले की तीन जीव पुरतात. भुर्दंडात पहिला मान ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’चा, आणि त्याबद्दल मला प्रेम वाटत नाही. संपलेला खेळ पुन्हा करायला लावणं यात शिकण्यासारखं फार थोडं आहे. तिन्ही मापं एकत्र धरली तर निन्जा गायडन, आणि तोही मुख्यतः त्याच्या सहाव्या अंकामुळे.

भाच्याला मी शेवटच्या तीन शत्रूंच्या दारात खेळ साठवून दिला. दोन संध्याकाळ तो फक्त त्यांच्याशीच लढला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, “आता ते काढून टाक मामा, ६-१ पासून खेळतो.” ६-२ मध्ये अडकलाच. मग वहीचं एक पान फाडून त्याने टीव्हीच्या कडेला चिकटवलं. सुट्टी संपून तो गेला, पण ते पान अजून तिथेच आहे: “दुसरा खांब. आधी तलवार, मग उडी. मागे जायचं नाही.”